वेणी सुटली

सोमवार, ता. ४

आज घरात आलं ते असं. धुण्याचा साबण, बारा वड्या, चौऱ्याऐंशी (सुटा घेतला असता तर शंभरावर गेला असता). बटाटे दहा किलो, एकशे वीस. दोन किडके निघाले, परत केले. तांदूळ एक पोतं, देणगी. उशा सहा, देणगी, पैकी एकीला तेलाचा वास, ती उन्हात टाकली. लहान मुलांचे मोजे नऊ जोड आणि एक एकटाच. हा एकटा मोजा कोण देतं आणि कशासाठी, देव जाणे. ठेवून घेतला. भांडं उचलायला होईल.

घरात म्हणजे आमच्या नव्हे, त्या घरात. प्रार्थनेला माझ्या शेजारी ज्या निवृत्त नर्सबाई बसतात, त्या हे घर चालवतात. नवऱ्याच्या मारहाणीला, छळाला कंटाळून निघालेल्या बायका मुलांसकट तिथे राहतात. कोठार सांभाळणाऱ्या बाई सोडून गेल्या म्हणून नर्सबाईंनी मला विचारलं, "तुम्ही एका पगारात घर चालवलंत, मुलीचं लग्न केलंत. माझं कोठार बघाल का? सोमवार, बुधवार, शुक्रवार." मी मॅट्रिक झालेली बाई. कुणी मला काम विचारेल असं वाटलं नव्हतं. हो म्हटलं.

बाजाराच्या रस्त्यावर कचेरी आहे. तिथे पाटी आहे, पाटीवर फोनचा नंबर आहे. राहतं घर मात्र बसने थोडं पुढे, त्याला पाटी नाही. सामान कचेरीत उतरतं, लहानसहान मी घरी पोचवते. नियम तीन. घराचा पत्ता कुणाला सांगायचा नाही. बायकांची नावं कुठेही लिहायची नाहीत, आपल्या घरच्या वहीतसुद्धा नाही. आणि कचेरीतला फोन फक्त तिथे बायकांशी बोलायला बसते त्या सल्लागार मुलीने उचलायचा. अमकी आहे का विचारलं तर हो म्हणायचं नाही, नाहीही म्हणायचं नाही.

हे म्हणाले, "तुझं कसं व्हायचं? तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही." मला राग आला. आयुष्यात मी खोटं बोलले नाही, याला तोंडात तीळ न भिजणं म्हणत नाहीत.

पण मनात एक काटा आहे, तो इथे लिहिते. देवाने जोडलेलं घर मोडायला मी साबण पुरवते आहे का? नर्सबाईंना विचारलंच. म्हणाल्या, "तुम्ही साबणाचं बघा. मोडण्याचं ज्याने मोडलं त्याला विचारू."

बुधवार, ता. ६

एका बाईला सगळे पाववाली म्हणतात. लग्नाआधी बेकरीत होती. पहाटे उठून सगळ्या घराचे पाव तीच करते. हात कोपरापर्यंत पिठात. तिची चार वर्षांची मुलगी खोकते आणि माझ्या मागेमागे हिंडते. "तू सगळं का मोजतेस?" म्हणाली. म्हटलं, "कमी पडू नये म्हणून." तर मला म्हणते, "मग मलापण मोज." मोजलं. एक भरली.

पाववालीला पुढच्या महिन्यापासून गावातल्याच एका मोठ्या बेकरीत काम मिळालं आहे. सल्लागार मुलगी तिच्याबरोबर जाऊन बोलून आली. वकीलबाई फुकट काम बघतात. नवऱ्याने जवळ फिरकू नये असा कोर्टाचा आदेश मिळायचा आहे, तारीख दोन आठवड्यांनी. "आदेश, काम, मग एक खोली," पाववाली बोटांवर मोजत म्हणाली. "तीनच गोष्टी आहेत, बाई. पाव करायला पण तीनच लागतात."

आज खर्च काही नाही.

शनिवार, ता. ९

ठकी आली! माझी एकुलती एक. लग्नाला दोन वर्षं झाली, राहायला अशी ही दुसरीच वेळ. सोमवारी जाणार.

आल्या आल्या टेबलावर पर्स उलटी केली. बसचं तिकीट, चहाचं बिल, औषधाच्या दुकानातला कागद, सगळं एका पाकिटात घातलं. मी टेबल पुसायला फडकं घेतलं तर एकदम, "आई, सांडू नकोस हं! एक जरी कमी पडलं तर..."

"तर काय?"

"तर हिशोब लागत नाही."

लेक कुणाची! मला इतकं बरं वाटलं. मी तिला लहानपणी पेन्सिलचासुद्धा खर्च लिहायला लावायचे, तेव्हा हे हसायचे. मी यांच्याकडे पाहिलं, आता बघा म्हणून. हे चष्मा पुसत बाहेर गेले.

जावईबापूंचा चार वेळा फोन. आमच्याकडे फोन भिंतीला आहे, जवळ खुर्चीही आहे, पण ठकी आधी उठून पदर-बिदर नीट केल्यासारखी कपडे सारखे करते आणि सरळ उभी राहून बोलते. आजकालच्या मुलींत नवऱ्याचा इतका मान कुठे दिसतो? त्या घरातल्या बायकांची दशा बघते आणि माझ्या लेकीचं सुख बघते, तेव्हा देवाला काय म्हणू! जपमाळेच्या दोन फेऱ्या जास्त केल्या.

रविवार, ता. १०

सकाळी ठकीला समोर बसवून वेणी घातली. कानामागे एका जागी केस पार विरळ झालेत. कंगवा लागला तर केवढी दचकली. "पाणी बदललं की केस जातात," मी म्हटलं, "आणि साबण कमी लाव." म्हणाली, "हो आई."

दुपारी जावयांचा फोन, उद्या नको, आजच पाठवा, घर ओस पडलंय. मी हसले. म्हटलं, करमत नाही बिचाऱ्याला. ठकी ताटावर होती, तशीच उठली. मी तिला थोडं लोणी बांधून दिलं. "हे बिलात नाही ना," म्हणाली. मी म्हटलं, "आईच्या लोण्याचं बिल नसतं." तर म्हणते कशी, "एका कागदावर लिहून दे ना, आईने दिलं म्हणून." लिहून दिलं. इतकं काटेकोर मीसुद्धा नाही!

बसथांब्यावर गर्दी होती. बस आली, पायरीवर पाय ठेवला आणि वळून मला म्हणाली, "आई, माझी वेणी सुटली."

"अगं, सुटली कुठे? घट्ट तर आहे. मीच घातलीय की सकाळी."

तिने मागे हात नेऊन चाचपली. "हो का. मला वाटलं." आणि बस गेली.

घरी येताना आठवलं आणि हसू आलं. लहान असताना पाहुण्यांकडे कंटाळली, कुणी गाल ओढले, कुणाचं मूल मारायला लागलं, की माझ्या कानाशी येऊन हेच म्हणायची. "आई, वेणी सुटली." वेणी जागच्या जागी असायची. पण मी ओळखायचे आणि चला येतो म्हणून उठायचे. पोरं मोठी होतात, खोड तेवढी राहते.

हे म्हणाले, "दोन दिवस राहिली असती तर काय बिघडलं असतं?" मी म्हटलं, बोलावलं की जावं, त्यात मान असतो. हे म्हणाले, "कुणाचा?" यांचं हे असंच.

सोमवार, ता. ११

आज हातून एक झालं. मोठं नाही, पण नियमाबाहेरचं.

सल्लागार मुलगी एका बाईला घेऊन दवाखान्यात गेली होती, मारल्याचा दाखला आणायला. कचेरीत मी एकटी, गाठोडी सोडत होते. फोन वाजला. थांबला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाटलं, कुणी अडलेली बाई असेल. उचलला.

पुरुषाचा आवाज. इतका नम्र! "ताई, मी अमकीची विचारपूस करायला फोन केलाय. ती तुमच्याकडे आहे का, असं मी विचारणारच नाही. तुमचे नियम असतील, ते मोडायला लावणार नाही. फक्त एवढंच, ती बरी आहे ना? आणि लेकराचा खोकला? रात्र रात्र झोप लागत नाही मला, ताई."

नाव पाववालीचं होतं. मी म्हटलं, "बरी आहे हो. खोकलाही कमी आहे. देवावर भरवसा ठेवा."

"तुमचे उपकार विसरणार नाही," म्हणाला आणि फोन ठेवला.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं. पण मी आहे म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. बरी आहे म्हटलं. कुणी कुशल विचारलं तर माणूस सांगतोच. खोटं कसं बोलणार? शिवाय पत्ता सांगितला नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला असं झालं खरं, पण दुःखी माणसाला एक शब्द दिला, त्याचं पाप लागेल असं वाटत नाही. नर्सबाईंना उगाच कशाला सांगा.

आवक: टॉवेल चार, देणगी. जावक: शून्य.

बुधवार, ता. १३

आज देवमाणूस भेटला. कचेरीतून पिठाची पिशवी घेऊन निघाले, जड होती, रिक्षाचे पैसे वाचवायचे म्हणून बस. बसमध्ये चढताना पिशवी उचलेना. मागून एक गृहस्थ आला, स्वच्छ शर्ट, केस नीट विंचरलेले. "द्या इकडे, ताई." बसायला जागा करून दिली. माझ्याच थांब्यावर उतरला, पिशवी खाली ठेवून दिली. "पुढपर्यंत येऊ का?" मी म्हटलं, नको नको, हे कोपऱ्यावरच तर आहे, तुम्ही आधीच एवढं केलंत.

तर तोच मला म्हणतो, "छे, तुमचेच उपकार आहेत." किती संस्कारी. आमच्या यांना सांगितलं तर हे म्हणाले, "पिशवी त्याने उचलली आणि उपकार तुझे? हिशोबात चूक आहे."

शुक्रवार, ता. १५

आज आवक-जावक लिहिली नाही.

मी कोठारात तांदूळ मापत होते. फाटकावर दणादणा आवाज. "माहितीये मला ती आत आहे! बाहेर काढा तिला!" आवाज ओळखीचा वाटला. खिडकीच्या फटीतून पाहिलं. स्वच्छ शर्ट, केस नीट विंचरलेले. माझी पिशवी उचलणारा. आणि आवाज फोनवरचा. एकच माणूस.

पाववाली स्वयंपाकघराच्या मागे जमिनीवर बसली होती. पिठाचे हात तसेच. तिची मुलगी तिच्या मांडीवर, आणि त्या पोरीने स्वतःच्या दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं, खोकला येऊ नये म्हणून. तिला हे कुणी शिकवलं असेल? कुणी शिकवावं लागलं नसेल.

फाटक लोखंडाचं आहे, टिकलं. पोलीस आले. तो लगेच नरम. "साहेब, नवराबायकोचं आहे, तुमचे उपकार विसरणार नाही." कोर्टाचा आदेश अजून हातात नाही, म्हणून त्यांनी त्याला समज देऊन सोडलं. जाताना त्याने खिडकीकडे पाहून हात जोडले. मलाच जोडले, याची मला खात्री आहे.

नर्सबाईंनी सगळ्यांना बसवलं. "त्याला घर कसं कळलं?" सल्लागार मुलगी पांढरीफटक. म्हणाली, माझंच चुकलं असेल, बेकरीत मी नंबर ठेवला होता. आणि रडायला लागली. तेवीस-चोवीस वर्षांची पोर. नर्सबाई तिला बोलल्या, बरंच बोलल्या.

मी गप्प बसले. अळीमिळी गुपचिळी. आयुष्यात खोटं बोलले नाही म्हणून मिरवणारी मी, आणि माझ्याऐवजी दुसऱ्याची लेक रडत होती, आणि मी माप भरत होते, रिकामं करत होते, पुन्हा भरत होते.

जपमाळ हातात घेतली. पहिल्याच मण्यावर अडले.

शनिवार, ता. १६

आज माझा दिवस नव्हता, तरी सकाळीच गेले. नर्सबाई फाटकापाशीच होत्या. उभ्याउभ्याच सांगितलं. फोन, "बरी आहे", बस, पिशवी, कोपरा. काही राखलं नाही.

त्यांनी आधी फाटकाला कुलूप घातलं. मग म्हणाल्या, "कुशल विचारलं की सांगायचं, हे आपल्याला शिकवलेलं असतं. त्याला ते ठाऊक असतं. त्याच्यावरच त्याचं पोट आहे." मी म्हटलं, "मला काढून टाका." तर चिडल्या. "काढलं की तुम्हाला बरं वाटेल, आणि माझ्या कोठाराचं काय? सोमवारी या. फोनला हात लावायचा नाही. रोज वेगळ्या रस्त्याने यायचं. आणि आधी त्या पोरीला सांगा."

सल्लागार मुलीला सांगितलं. "काल मी रात्रभर आठवत होते, मी कुठे चुकले," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर सोसलं असतं.

पाववालीला आजच दुसऱ्या गावच्या घरी हलवायचं ठरलं होतं. म्हणजे इथल्या बेकरीतलं काम गेलं. वकीलबाई तारखेला तिला वेगळ्या दाराने आणतील, आदेश मिळेल; पण ज्या गोष्टी तिने बोटांवर मोजल्या होत्या, त्यातलं एक बोट मी मोडलं. ती शेवटचे पाव भट्टीतून काढत होती. मी तिथे जाऊन सांगितलं.

तिने पाव खाली ठेवले. "ताई म्हणाला का तुम्हाला?"

"हो."

"आणि उपकार?"

"हो."

"मला पण म्हणाला होता. बेकरीत पहिल्यांदा सुटे पैसे दिले तेव्हा." फडक्याला हात पुसले. "मी फसले तेव्हा एकोणीसची होते. तुम्ही तर केवढ्या मोठ्या."

मी म्हटलं, "मला माफ कर, बाई."

"माफ करायला आता वेळ नाही हो मला. गाडी अकराची आहे." रागाने नाही म्हणाली. खरोखरच वेळ नव्हता. मग एक बरणी माझ्या हातात दिली, आत बुडबुडे आलेलं आंबट पीठ. "हे आंबवण. याला रोज मूठभर पीठ आणि घोटभर पाणी द्यायचं. विसरलात तर मरतं. इथल्या मुलांना माझ्या पावाची सवय झालीय. शिका."

पिशवी भरून झाली, तेव्हा सल्लागार मुलीने तिला समोर बसवलं. "आता खुणेचा शब्द ठरवू. तिथून फोन करशील, कुणी शेजारी उभं असेल, मोकळं बोलता येणार नाही. मग एखादं साधं वाक्य. रोजच्या बोलण्यातलं हवं. ऐकणाऱ्याला काही वाटू नये, आणि ज्याला कळायचं त्याला कळावं."

पाववाली म्हणाली, "पाव करपला."

"छान. पाव करपला म्हणालीस की आम्ही काही विचारणार नाही. येणार."

तिची मुलगी म्हणाली, "पण आईचा पाव कध्धीच करपत नाही."

"म्हणूनच," सल्लागार मुलगी म्हणाली.

माझ्या हातातली बरणी मी खाली ठेवली. 

वेणी सुटली नव्हती. मीच घातली होती, घट्ट होती. म्हणूनच ती म्हणाली.

मी पाववालीला विचारलं, "तो तुझ्याकडून तिकिटं मागायचा का? बिलं?"

"तिकिटं, बिलं, दुकानातून यायला किती वेळ लागला ते. एक कागद कमी पडला की..." तिने कानामागे हात नेला. मी तिच्या हाताकडे बघितलं. कानामागे.

आणि मी लोण्याची चिठ्ठी लिहून दिली होती. अभिमानाने. अक्षर नीट काढून.

रविवार, ता. १७

प्रार्थनेला गेले नाही. यांना सगळं सांगितलं. यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मला त्या दिवशी पाकीट बघून शंका आली होती. मी बाहेर गेलो. विचारायला हवं होतं." म्हणजे दोघेही. एक बाहेर गेला आणि एक मिरवत बसली.

ठकीला फोन लावला. "कशी आहेस?"

"बरी आहे."

तोच शब्द. मी सोमवारी तो किती सहज दिला होता, आणि आज तो मला परत आला. तिच्या मागे कुणीतरी श्वास घेत होतं. "आई, सगळं ठीक ना?" मी म्हटलं, "हो, तुझ्या बाबांचा गुडघा दुखतो." ती म्हणाली, "काळजी घ्या." फोन ठेवला.

हे चपला घालायला लागले. "मी आत्ता जातो आणि घेऊन येतो." मी धरून ठेवलं. खरं तर मलाही तसंच पळावंसं वाटत होतं.

आंबवणाला पीठ घातलं. दुसरं काही केलं नाही.

सोमवार, ता. १८

ज्या मुलीला मी रडवलं, तिच्याच समोरच्या खुर्चीवर आज बसले. त्या खुर्चीवर इतर आया बसतात, मी त्यांना पाणी नेऊन द्यायचे. आज तिने मला पाणी दिलं.

सगळं ऐकून म्हणाली, "बाबांना एकदम जाऊ देऊ नका. बाई निघते म्हटल्यावर तो सगळ्यात जास्त चवताळतो. आधी तिला कळू द्या की तुम्हाला कळलंय. तिने म्हणायला हवं. तिने हो म्हटलं की आम्ही बरोबर येऊ. गाडी असेल, गरज पडली तर पोलीस असतील, वकीलबाई आहेत, आणि खाट आहे."

"आमच्याकडे का नको?" मी विचारलं.

"तुमचा पत्ता त्याला माहीत आहे."

एवढी साधी गोष्ट. पाववालीची खाट रिकामी आहे. ती का रिकामी आहे ते मला माहीत आहे, आणि आता तीच मी माझ्या लेकीसाठी मागते आहे. हे देवाला कोणत्या शब्दांत सांगावं ते कळत नाही. सांगितलं नाही. नुसती बसले.

फोनवर तो शेजारी असतो. पत्र लिहायचं ठरलं. पत्र तो आधी वाचणार, हे धरूनच. "रोजच्यासारखं लिहा," मुलगी म्हणाली. "कंटाळा येईल असं."

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "तेवढं तुला जमेल." दोन दिवसांत पहिल्यांदाच कुणी हसलं. मग हेच रडले.

बुधवार, ता. २०

चार कागद फाडले. एरवी पाठकोरा कागदसुद्धा मी टाकत नाही. पहिल्यात माफी मागितली होती, ती त्याने वाचली असती. दुसऱ्यात रडले होते, शाई फुटली. शेवटी हे जमलं. नक्कल इथे ठेवते. मूळ पत्र हे स्वतः पेटीत टाकून आले.

"चि. ठकीस आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार.

इकडे सर्व ठीक. तुझ्या बाबांचा गुडघा तसाच आहे, तेल लावते, ते पुसून टाकतात. साबण घाऊक आणला, डझनामागे चांगलेच पैसे वाचतात, तूही तसाच आणत जा. बटाटे महागले. मी पाव करायला शिकते आहे. पहिला दगडासारखा झाला, बाबांनी तो दाराला अडकण म्हणून लावला आहे, म्हणजे दार आपोआप बंद होत नाही, उघडंच राहतं. रात्रीसुद्धा.

तू गेलीस त्या दिवशी बसथांब्यावर वेणीचं म्हणालीस आणि मी म्हटलं, घट्ट आहे. घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की माझा चष्मा फार जुना झाला आहे. आता नवा केला. आता मला जवळचंही दिसतं. त्या दिवशी दिसायला हवं होतं, बाई.

लहानपणी तुझी वेणी सुटली की आपण काय करायचो ते मला आठवतं. अजूनही तसंच करता येईल, कितीही पाहुणे बसलेले असले तरी. माझ्या ओळखीच्या एक-दोघी वेण्या घालण्यात माझ्यापेक्षा हुशार आहेत, त्याही येतो म्हणतात. तू स्वतः घाईने ओढून बांधू नकोस, केस तुटतात. नुसतं कळव.

वेणी सुटली का, एवढंच लिही. बरी आहे असं लिहू नकोस, ते मला आता पुरत नाही. दुसरं काही लिहायची गरज नाही, कार्डावर एक ओळ पुरे. कार्ड सोबत पाठवते, तिकीट लावलेलं आहे. त्याची नोंद हवी असेल तर आईने दिलं असं लिही.

उत्तर उलट टपाली धाड.

तुझी,
आई"